नाणें घासूं नका, घर झाडा

शास्त्रपाठ : लूक १५ : ८–१०



गेल्या नाताळाच्या सुटींत आमच्या मंडळींतील एक तरुण पुण्याहून घरीं आला. तो तेथें एका कारखान्यांत नोकरीस आहे. येतांना त्यानें एक धातुशोधक यंत्र बरोबर आणिलें होतें. त्याला एक लांब दांडा, दांड्याच्या खालीं ताटाएवढी चकती आणि वर आवाज देणारी लहानशी पेटी. नाताळाची उपासना आटोपल्यावर तो आपल्या बापाच्या शेतांत, जुन्या विहिरीजवळच्या बांधानें, तें यंत्र घेऊन फिरूं लागला. पहिले दोन दिवस त्याला बाटल्यांचीं झांकणें, बैलाच्या नालाचे तुकडे आणि एक मोडका फाळ एवढेंच मिळालें. तिसऱ्या दिवशीं मात्र एका जागीं यंत्र स्पष्ट वाजलें, आणि वीतभर खोलीवर तांब्याचीं पांच जुनीं नाणीं त्याच्या हातीं लागलीं. तीं हिरवीं-काळीं पडलीं होतीं व त्यांवर माती घट्ट बसली होती.

त्यानें तीं घरीं नेऊन आईच्या ओंजळींत टाकिलीं. त्या माउलीला फार आनंद झाला, आणि जें ती जन्मभर तांब्याच्या हंड्याकळशांना करीत आली तेंच तिनें नाण्यांना केलें. चिंच भिजविली, चुलींतील राख घेतली, काथ्याच्या चोथ्यानें जोर लावून घासलें. दिवेलागणीच्या वेळीं तिनें तीं पाटावर मांडिलीं तेव्हां तीं नव्या भांड्यासारखीं लखलखत होतीं. मात्र तीं चारच होतीं. पांचवें मुलाच्या खिशांत राहून गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा तीं नाणीं घेऊन माझ्याकडे आला, व आम्हीं दोघांनीं तीं एका जाणत्या अभ्यासकांस दाखविलीं. त्यांनीं भिंगाखालीं तीं चार नाणीं उलटून पालटून पाहिलीं आणि कांहीं न बोलतां बाजूला ठेविलीं. मग मातीनें भरलेलें पांचवें घेतलें, तिरप्या उजेडांत धरिलें, आणि ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें आम्हांला एकेक करून दाखविलीं. ती शिवराई होती. त्या दुसऱ्या चार नाण्यांविषयीं ते एवढेंच म्हणाले, “तांबें राहिलें आहे. नाणें गेलें.”

बंधूंनो, हें वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनांतून जात नाहीं. म्हणून आज आपल्या प्रभूनें सांगितलेल्या हरवलेल्या नाण्याच्या दाखल्याकडे मी तुमचें लक्ष वेधूं इच्छितों.

त्या स्त्रीजवळ रुप्याचीं दहा नाणीं होतीं व त्यांतलें एक हरवलें. तिनें दिवा लाविला, घर झाडिलें, मन लावून शोध केला, आणि तें सांपडतांच मैत्रिणींस व शेजारणींस बोलावून त्यांच्याबरोबर आनंद केला. हा दाखला आपण शेंकडों वेळां ऐकिला आहे. पण त्यांतील क्रम आपण नीट पाहिला आहे काय? तिनें काय झाडिलें? घर झाडिलें. धूळ घरांत होती, केर घराचा होता, आणि नाणें हरवलें तें घरच्या अंधारांत. मग तें सांपडल्यावर तिनें प्रथम काय केलें? लोकांस दाखविण्यापूर्वीं तें घासून लखलखीत केलें, असें प्रभूनें सांगितलेलें नाहीं. जसें सांपडलें तसें तें हातांत धरून तिनें शेजार गोळा केला. दाखल्यांत जें सांगितलें नाहीं त्यावर सिद्धांत उभारूं नये, हें मी जाणतों. परंतु झाडणें घराचें आणि आनंद नाण्याचा, हा क्रम प्रभूनें स्वतःच ठेविला आहे. आणि आम्ही पुष्कळदां तो उलटा करितों. आम्ही घर तसेंच ठेवितों व नाणें घासूं लागतों.

ह्या क्रमांतून तीन गोष्टी आपण शिकूं.

पहिली गोष्ट : शोधणें. त्या मुलाच्या यंत्रांत काय असतें हें मीं त्याला विचारून घेतलें. चकतींत तारेचें वेटोळें असतें. त्यांतून दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडिला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. जमिनींत धातु असल्यास त्या क्षेत्रामुळें धातूंतहि लहान लहान प्रवाह फिरूं लागतात, आणि त्यांचा परिणाम ओळखून यंत्र आवाज देतें. येथें धातु आहे, एवढें तें सांगतें. तो किती मोलाचा आहे हें खात्रीनें सांगणें त्याच्या हातीं नाहीं. ॲल्युमिनियमचा क्षुद्र तुकडा आणि सोन्याची अंगठी ह्यांचा आवाज पुष्कळदां सारखाच येतो. म्हणून जो प्रत्येक आवाजाला गुडघे टेकून माती उकरण्यास कंटाळतो, त्याच्या हातीं अंगठीहि लागत नाहीं. बंधूंनो, आपल्या गांवांत अशीं किती माणसें आहेत, कीं ज्यांना आपण न उकरतांच झांकण ठरविलें आहे?

येथें एक इशाराहि देणें अवश्य आहे. शोधणें वेगळें आणि हांव वेगळी. पुरलेल्या धनाच्या हांवेनें मांत्रिकाला बोलाविणारीं माणसें आपल्या मुलखांत अजून आहेत. असल्या अघोरी प्रकारांस महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें शिक्षा ठेविली आहे. जेथें लोभ दिवा धरितो तेथें माणसाच्या हातीं अंधारच येतो.

दुसरी गोष्ट : सांपडल्यावर थांबणें. ह्या यंत्राचा छंद इंग्लंड देशांत फार आहे, आणि तेथें घडलेली एक गोष्ट ह्या बाबतींत उद्बोधक आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधावयास त्यानें आपला मित्र एरिक लॉज ह्यास बोलाविलें. लॉज हा पेन्शनीत निघालेला माळी होता. हातोड्याऐवजीं त्याच्या यंत्राला रोमी नाणीं व रुप्याचे चमचे लागले. थोडीं काढल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, हें साधें प्रकरण नव्हे. त्यानें उकरणें थांबविलें आणि योग्य अधिकाऱ्यांस वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तूंचे तज्ज्ञ आले व त्यांनीं तो ठेवा पद्धतशीर रीतीनें बाहेर काढिला. सुमारें पंधरा हजार नाणीं, शिवाय सोन्याचे दागिने व रुप्याचीं भांडीं! आणि तो ठेवा जागचा हलला नव्हता म्हणून लांकडी पेटीच्या, आंतील लहान डब्यांच्या व वस्तूंभोंवतीं गुंडाळलेल्या कापडाच्या खुणाहि तज्ज्ञांना पाहतां आल्या. सगळें उपसून पिशवींत भरलें असतें तर सोनें हातीं आलें असतें, पण ज्या घरानें तें सोडून जातांना इतक्या काळजीनें बांधून ठेविलें त्याची कथा कायमची मुकी झाली असती. लॉजला सरकारकडून साडेसतरा लक्ष पौंडांचें बक्षीस मिळालें. तें त्यानें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. तो हातोडाहि सांपडला, आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

तसेंच २०१० सालीं सॉमरसेट परगण्यांत फ्रोम गांवाजवळ डेव्ह क्रिस्प नांवाच्या आचाऱ्यास नाण्यांनीं भरलेलें एक मातीचें मडकें लागलें. त्यानेंहि हात आखडिला, खड्डा पुन्हां बुजविला व जाणत्यांस बोलाविलें. त्यांत ५२,५०३ नाणीं निघालीं. तीं थरांथरांनीं काढल्यामुळें असें आढळलें कीं, सर्वांत अलीकडचीं नाणीं वर नसून बहुतेक मडक्याच्या खालच्या अर्ध्यांत होतीं. म्हणजे तें मडकें दर वर्षीं थोडें थोडें करून भरलेलें नव्हतें. कोणी जमविलेली पुंजी नसून देवाला वाहिलेलें तें एक दान असावें, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. एवढी गोष्ट त्या नाण्यांच्या क्रमानें सांगितली. तो क्रम ज्यानें मोडिला नाहीं त्याच्या संयमाचें हें फळ होय.

आपल्या देशांतहि ह्याविषयीं कायदा आहे, आणि तो शेतकऱ्यांनीं समजून घ्यावा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजहि चालू आहे. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तु सांपडली तर सांपडविणाऱ्यानें ती कोठें, केव्हां व काय सांपडली हें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलें पाहिजे. जो कळवीत नाहीं त्याचा वांटा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदहि होऊं शकते. जो प्रामाणिकपणें कळवितो त्याला व जमिनीच्या मालकाला त्याच कायद्यानें वांटा ठरवून दिला आहे. किल्ले, लेणीं वगैरे संरक्षित स्थळीं तर परवानगीवांचून कुदळ मारणें हाच गुन्हा आहे. आमच्या त्या तरुणानें तहसील कचेरींत अर्ज नेऊन दिला तेव्हां कांहीं लोक हंसले. “चार पैशांसाठीं एवढें कशाला?” असें ते म्हणाले. मीं त्यांना आखानाची आठवण करून दिली. यहोशवाच्या सातव्या अध्यायांत आपण वाचतों, कीं त्यानें रुपें व सोनें आपल्या डेऱ्यांत जमिनीखालीं पुरलें आणि त्या एका लपविण्यानें सबंध छावणी दुःखांत पडली. जमिनींतून निघालेलें पुन्हां जमिनींत लपविणें ही फार जुनी चोरी आहे.

तिसरी गोष्ट : घासण्याविषयीं. आतां त्या माउलीच्या चिंचेकडे व राखेकडे येऊं. तांबें शेंकडों वर्षें मातींत राहिलें म्हणजे हवा, पाणी व क्षार ह्यांच्या संयोगानें त्यावर थर चढतो. आंत तांबूस, वर हिरवा किंवा तपकिरी. आपल्याला तो मळ वाटतो. परंतु नाण्यावरील अक्षरांचे व चित्राचे बारीक कांठ पुष्कळदां ह्या थरांतच टिकून असतात. खालच्या धातूंत ते उरलेलेच नसतात. चिंचेचें आम्ल तो थर विरघळवितें, आणि राखेची खर राहिलेलें खरवडून काढिते. मग हातीं येतो तो लखलखीत चपटा तुकडा. लिंबू, शिर्का, दांत घासण्याची पावडर, तारेचा ब्रश, हीं सगळीं ह्याच जातीचीं. रुप्यावर काळी झांक येते, तीहि घासून काढण्याची घाई करूं नये. सोनें गंजत नाहीं, पण मऊ असल्यामुळें घासतांना मातीच्या कणांनीं त्यावर ओरखडे पडतात.

तर मग करावें तरी काय? बॅटरींत घालतात तसल्या शुद्ध पाण्यांत नाणें भिजत ठेवावें, सैल झालेली माती आपोआप पडूं द्यावी, घासल्यावांचून वाळवावें, प्रत्येक नाणें निराळ्या कागदांत ठेवावें, आणि तें कोठें व किती खोलीवर सांपडलें हें त्यावर लिहून ठेवावें. पुढचें काम जाणत्याच्या हातीं द्यावें. तो सूक्ष्मदर्शकाखालीं बसून मातीचा कण न् कण काढितो, कारण खालीं काय असावें हें त्याला माहीत असतें.

परंतु दुसऱ्या बाजूनेंहि सांगितलें पाहिजे. प्रत्येक हिरवा डाग निरुपद्रवी नसतो. कधीं कधीं नाण्यावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसतात. तो रोग होय. क्षारांतील क्लोराइड धातूंत शिरलेलें असतें, आणि ओल लागली कीं तें नाणें आंतून खात राहतें. त्याला ‘जुनेपणाची शोभा’ म्हणून तसेंच ठेवणें हेंहि अज्ञानच. तें इतर नाण्यांपासून वेगळें करून कोरड्या जागीं ठेवावें व विलंब न लावतां तज्ज्ञाकडे न्यावें. वयाचा थर राखावयाचा आणि रोगावर उपाय करावयाचा. हा विवेक ज्याला आला त्याला नाण्यांची पारख आली.

बंधूंनो, मंडळीची पारखहि हीच नव्हे काय? एखादा मनुष्य प्रभूकडे येतो तेव्हां त्याच्या अंगावर कित्येक वर्षांचे थर असतात. त्याच्या आजीच्या ओव्या, त्याची बोली, त्याचें दुःख, जुन्या चुकांचे व्रण. ह्यांतील पुष्कळसें मळ नव्हे. त्याच्यावरील अक्षरें त्यांतच टिकून आहेत. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंग, ओवी व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणिलें, तें ह्याच विवेकानें. मराठी जिभेवरचा तो थर घासून टाकिला असता तर आज आपण कोणत्या सुरांत देवाची स्तुति केली असती? उलट, जो दारू पिऊन बायकोला मारितो त्याचा तो “स्वभाव आहे” म्हणून पंचांनीं सोडून देणें, हें त्या फिकट हिरव्या भुकटीला शोभा म्हणण्यासारखें आहे. तेथें विलंब म्हणजे निर्दयता.

नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं रुप्याच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं. रेव्ह. एच. आर. स्कॉट ह्यांनीं तीं अभ्यासून त्यांचें वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापलें. तीं नाणीं क्षत्रप नहपानाचीं. पण त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि ह्यानें नहपानाचा पराभव केल्यावर आपला ठसा मारिला. एकाच नाण्यावर दोन राजे! वरचा ठसा स्पष्ट, आणि त्याच्याखालीं पहिल्या राजाच्या मुखाची रेषा अजून दिसते. जाणता मनुष्य तें नाणें तिरप्या उजेडांत धरितो आणि दोन्ही वाचितो. पण तें जोरानें घासाल तर दोन्ही जातील.

आपणहि असेच आहों. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें प्रत्येक मनुष्यावर पहिला ठसा देवाचा. त्यावर दुसऱ्या धन्यांनीं आपले ठसे मारिले आहेत : लोभानें, भयानें, व्यसनानें. कैसराचें नाणें हातीं आलें तेव्हां प्रभूनें त्यावर मुख कोणाचें आहे हें विचारिलें. तें किती चकचकीत आहे हें विचारिलें नाहीं. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायांत परमेश्वराला रुपें शुद्ध करणाऱ्याची उपमा दिली आहे खरी. परंतु तो शुद्ध करणारा बसलेला आहे, हें विसरूं नका. तो घाईंत नाहीं. भट्टी त्याची, दृष्टि त्याची, हातहि त्याचा. चिंच आणि राख आपल्या हातीं त्यानें कोठें दिलीं?

आतां मला स्वतःविषयीं एक कबुली दिली पाहिजे, आणि ती दिल्यावांचून ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. माझ्या पाळकीच्या दुसऱ्या वर्षीं, सेमिनरींतून शिकून आलेलों असतांना, आमच्या मंडळींत एक मनुष्य नऊ वर्षांनीं उपासनेला आला. त्यानें दारू सोडिली होती. तो शेवटच्या रांगेंत, पादत्राणांजवळ बसला. माझ्या मनांत तेव्हां शिस्तीचा मोठा उत्साह होता. मीं उपासनेच्या शेवटीं त्याला उभें केलें, आणि सर्वांच्या देखत एकेक गोष्ट त्याच्याकडून वदवून घेतली. त्याचीं दोन मुलें तेथें बसलीं होतीं. त्यानें सर्व कांहीं कबूल केलें. मला वाटलें, आज एक आत्मा स्वच्छ झाला. पुढल्या रविवारीं तो आला नाहीं. त्यापुढेंहि आला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं तो मला आठवड्याच्या बाजारांत भेटला. त्यानें नमस्कार केला, “बरे आहांत ना, पाळकसाहेब?” म्हणून विचारिलें, आणि पिशवी उचलून तो चालूं लागला. त्याच्या शब्दांत राग नव्हता. राग असता तर मला थोडें बरें वाटलें असतें. त्या दिवशीं आमच्या मंडळीला झाडण्यासारखें पुष्कळ होतें. नऊ वर्षांत त्याच्या दारीं एकदांहि कोणी गेलें नव्हतें. दिवा कोणी लाविला नव्हता. पण मीं घर झाडिलें नाहीं. मीं नाणें घासलें.

म्हणून वडिलांनो, पंचांनो, आईबापांनो, माझी तुम्हांला विनंति आहे. शहरांतून परत आलेला मुलगा, माहेरीं आलेली लेक, वर्षानुवर्षें दूर राहिलेला शेजारी दारांत उभा राहिला, तर प्रथम त्याला पाट द्या, पाणी द्या, शेजार बोलवा. “इतके दिवस कोठें होतास?” हा प्रश्न त्याला करण्यापूर्वीं “इतके दिवस आम्ही कोठें होतों?” हा स्वतःला करा. केरसुणी हातीं घ्यावयाची असेल तर ती घराकरितां घ्या. त्याच्यांत रोग असेल तर तो झांकूं नका. पण तो काढणारा हात तुमचा नव्हे, त्याचा आहे, ज्यानें पहिला ठसा उमटविला. आपण त्याला त्या हातापर्यंत पोहोंचवावें.

ती माउली माझ्यापुढें रडली. “मी बरें करायला गेलें, साहेब,” असें ती म्हणाली. मीं तिला सांगितलें, “बाई, जें तुम्हांला ठाऊक नव्हतें त्याचा दोष तुमच्यावर नाहीं. मला ठाऊक असावयास पाहिजे होतें, तरी मीं तेंच केलें.” तीं चार गुळगुळीत नाणीं आणि एक मळकी शिवराई, अशीं पांचहि नाणीं अर्जाबरोबर कचेरींत जमा झालीं आहेत. जमा करण्यापूर्वीं मीं तीं एकदां ओळीनें मांडून पाहिलीं. चकाकणाऱ्या चारांनीं मला कांहीं सांगितलें नाहीं. मळक्या एकानें साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या राजाचें नांव सांगितलें.

हरवलेल्यांना शोधणारा आपला प्रभु आपणांस दिवा लावण्याची बुद्धि, सांपडल्यावर थांबण्याचा संयम आणि आनंद करण्यास मोकळें अंतःकरण देवो. आणि आपणांपैकीं जो कोणी आजपर्यंत मातींत पडून असेल त्याला त्याचा हात लागो. आमेन.